येताना थांबू

तीर्थरूप दादा,

तुम्हाला आणि वहिनींना नमस्कार. (एका हाताने पत्र लिहिताना दोन्ही हात जोडता येत नाहीत, म्हणून पेन बाजूला ठेवून आधी जोडून घेतले. पाहायला इथे कोणी नव्हतं, पण तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवा.) तुमच्या गुडघ्याचं कसं काय? जिना चढताना दुखतो की उतरताना? उतरतानाच दुखत असेल तर वरच्या मजल्यावरच राहावं, असं सुचवणार होतो, पण तुमची हयात औषधांच्या दुकानात गेली आणि माझी शाळेच्या बसच्या चाकामागे, तेव्हा गुडघ्याविषयी मी न बोललेलं बरं. वहिनींचा खोकला मात्र गेला असावा. फोनवर त्यांचा आवाज अगदी ठणठणीत वाटला. ‘ती आंघोळीला गेलीय’ हे त्यांनी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सारख्याच स्वच्छ आवाजात सांगितलं. तुमच्या गावात पाण्याची टंचाई नाही हे कळून समाधान वाटलं.

तर ही (म्हणजे तुमची बहीण) तुमच्याकडे सुखरूप पोचली आणि आता माझ्याकडे परत यायचं की नाही याचा विचार करते आहे, इथपर्यंत मला समजलं आहे. तिचा मोबाइल माझ्याजवळ राहिला. मी तो नेमाने चार्ज करतो आणि त्यावर कोणाचाच फोन कसा येत नाही म्हणून बघत बसतो (तिला फोन करणारा बहुतेक वेळा मीच असायचो, हे लक्षात यायला जरा वेळ लागला). या पत्रात मी काही मागणार नाही. तिला हवं तितकं राहू द्या, माहेर आहे तिचं. फक्त घडलं कसं ते माझ्या तोंडूनही तुमच्या कानावर असावं. तिची बाजू ऐकून तुम्ही तिला ‘बरोबर केलंस’ म्हणाला असालच. माझी ऐकूनही तेच म्हणाल, अशी भीती आहे, पण लिहितो.

घरगाडीची कल्पना आमच्या जावयाची. तो विम्याच्या ऑफिसात आहे आणि दिवसभर लोकांच्या अपघातांचे कागद वाचून त्याला प्रवासाची हौस येते. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, हॉटेलं नकोत, नातेवाइकांना गाद्या काढायला लावायला नको, आपलं घर आपल्याबरोबर. गाडी भाड्याने आणली. तिला एक बैठकीची जागा होती, एक ओटा होता, सिंक होतं, मागे दार लावता येणारी एक खोली होती आणि एक न्हाणीघर होतं, ज्यात साबण पडला तर तो उचलण्यासाठी आधी बाहेर यावं लागे. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं आपण सांगत आलो, पण वरच्या फळीवरचं जावयाचं अंथरूण पाहिल्यावर पाय कुठे ठेवून यावेत हे म्हणीत सांगितलेलं नाही हे ध्यानात आलं. त्याचे पाय पोटऱ्यांपासून पुढे आमच्या डोक्यावर लोंबत असत. मागची खोली मुलगी आणि नात यांची. नातीला वळणाच्या रस्त्यावर उलट्या होतात, म्हणून तिला औषध देत होतो आणि औषधाने ती झोपत होती, आणि तिला थोपटता थोपटता तिची आईही झोपत होती. दोघींनी अर्धा देश डोळे मिटून पाहिला. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, ते पहिल्याच चौकात पटलं. मी डावीकडे वळलो आणि कपाटातल्या झाडून सगळ्या कपबशा उजवीकडे गेल्या.

गाडी अर्थातच मी चालवायची. त्यात चर्चा नव्हती. दादा, तुम्हाला ठाऊक आहे, इतक्या वर्षांत मी एकही मूल मागे विसरलो नाही. दार लावायचं, आतल्या आरशात बघायचं, डोकी मोजायची, ती भरली की दोनदा हॉर्न द्यायचा आणि मगच गियर. निवृत्त झाल्यावरही सवय गेली नाही. तुमच्या धाकट्याच्या लग्नात मी पंगतीतली डोकी मोजत होतो, ते तुम्ही पाहिलंत आणि हसलात. या प्रवासातही प्रत्येक थांब्यानंतर मोजत होतो. आरशात जावयाचे पाय दिसले की तो आला. मागच्या खोलीच्या दाराबाहेर चपला आणि छोटे बूट दिसले की त्या दोघी आल्या. उरली ही. हिची जागा माझ्या बरोबर पाठीमागे, आणि तेवढी एकच जागा आरशात येत नाही. मग मी हिला धरूनच चालायचो. ही आहेच, असं समजायचं आणि निघायचं. (हे आता लिहिताना जसं दिसतंय तसं तेव्हा दिसत नव्हतं.) शिवाय खूणही होती. गाडी चालवताना भूक लागली की मी मान न वळवता उजवा हात खांद्यावरून मागे करतो, तळवा उघडा ठेवून. त्यात एक बिस्किट येऊन पडतं. मी ते न बघता तोंडात टाकतो. तुमच्या बहिणीशी माझा हा व्यवहार लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा भाड्याच्या मोटारीतून फिरायला गेलो तेव्हापासूनचा आहे, आणि त्यात आजवर एकदाही खंड पडला नव्हता.

आता मुख्य गोष्ट. माझ्या तोंडात एक शब्द बसला आहे, तो म्हणजे ‘येताना’. रस्त्यात हिला मातीची भांडी रचलेली दिसली, मी म्हणालो, येताना घेऊ. एका चढावर जुना दगडी पूल दिसला, येताना बघू. सिंकखालचा पाइप पहिल्याच दिवसापासून ठिबकत होता, हिच्या पायाशी पाण्याचं तळं होत होतं, येताना दुरुस्त करू. माझ्या बाजूची काच मी उघडी ठेवतो (बसला काचा बंद ठेवायची सोय कुठे होती), त्या वाऱ्याने हिचा घसा बसला आणि आवाज पार घोगरा झाला. डॉक्टरलाही मी बहुधा येताना दाखवणार होतो. ही यावर ‘हं’ म्हणायची. तुम्हाला तिचा ‘हं’ माहीत आहे. त्यात होकार असतो असं मी बरीच वर्षं समजत होतो.

या सगळ्या प्रवासात हिने स्वतःहून एकच गोष्ट मागितली होती. आमच्या स्वयंपाकघरात एका जुन्या कॅलेंडरचं पान आहे. वर्ष सरलं, कॅलेंडर रद्दीत गेलं, पण हिने ते पान कापून फ्रिजच्या बाजूला चिकटवलं. चित्रात एक तळं, तळ्यात लाकडी धक्का आणि पाण्यावर पांढरे पक्षी. खाली तळ्याचं नाव. आमच्या रस्त्यावरच ते लागत होतं. निघायच्या आधी हिने मला ते पान दाखवून विचारलं होतं, इथे थांबू ना, आणि मी थांबू म्हणालो होतो. त्या फाट्यावर पाटी आली, डावीकडे बाण होता. मला वाटलं, आत्ता कुठे गाडीला वेग आलाय. म्हणालो, येताना थांबू. मागून काही आवाज आला नाही. ‘हं’ सुद्धा नाही. घसा बसलाय म्हणून असेल, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका पेट्रोल पंपावर थांबलो होतो. डोंगराळ भाग, हवेत गारठा, सगळे स्वेटर घालून ब्रेड आणि अंडी खात होतो. जावयाने नकाशा पसरला आणि माणसं जशी सहज बोलतात तसा सहज म्हणाला, पण बाबा, येताना आपण या रस्त्याने येतच नाही. परतीचा रस्ता तर खालून आखलाय तुम्ही. दादा, तो रस्ता मीच आखला होता, निघण्यापूर्वी, लाल पेन्सिलीने. म्हणजे ‘येताना’ म्हणत होतो तेव्हा मला ठाऊक होतं. पण शपथेवर सांगतो, म्हणताना दरवेळी मला ते खरं वाटत होतं. हिने नकाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ब्रेडचा उरलेला तुकडा परत ताटलीत ठेवला. त्यापेक्षा तिने ताटली आपटली असती तर बरं झालं असतं. मग ती उठली आणि पंपाच्या मागच्या गॅरेजमधून एका मिस्त्रीला घेऊन आली, सिंक दाखवलं आणि खाली उतरून गेली. हे मी पाहिलं नाही. मी चाकांची हवा बघत होतो, खरं तर तिची नजर चुकवत होतो.

मी आत येऊन सीटवर बसलो आणि आरशात पाहिलं. वर जावयाचे पाय (तो कानात बोंडं घालून ऑफिसची मीटिंग करत होता). मागच्या दाराशी चपला आणि बूट. आणि ओट्यापाशी करडा स्वेटर घातलेली एक पाठ, कमरेपर्यंत सिंकखालच्या कपाटात शिरलेली. हिचाही स्वेटर करडाच. मला भरून आलं. म्हटलं, बिचारी स्वतःच पाइप बघायला लागली. आणि आज पहिल्यांदा ही आरशात दिसत होती, त्यामुळे डोकी धरून चालावं लागलं नाही, मोजून भरली. हॉर्न तेवढा दिला नाही. ती रागावलेली, त्यात आणखी आवाज कशाला. समजूतदारपणा मी आयुष्यात क्वचितच दाखवला, आणि दाखवला तो नेमका त्या सकाळी.

थोडं पुढे गेल्यावर मागून घोगरा आवाज आला, अहो. मी गियर बदलला. पुन्हा, अहो, थांबा की. मी म्हणालो, येताना थांबू. सवयीने तोंडातून निघून गेलं. निघाल्यावर मात्र जीभ चावली आणि ठरवलं, आता बोलायचंच. दादा, मग मी माफी मागितली. घाटाच्या पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत. अशी माफी मी कधी मागितली नव्हती, कोणी मागितलेली ऐकलीही नव्हती. मी म्हणालो की शाळेच्या बसला ठरलेल्या थांब्याशिवाय थांबायची मुभा नसते, आणि निवृत्त होताना सगळ्यांनी भाषणं केली पण आता तू कुठेही थांबलास तरी चालेल, हे सांगायचं राहून गेलं. कॅलेंडरच्या त्या पानावर रोज सकाळी माझी नजर जाते हेही बोललो. तिच्या ‘हं’बद्दल बोललो. शेवटी तर असं काही बोललो की माझाच आवाज फुटला, समोरचा रस्ता धूसर झाला. मागून मधूनमधून ‘हं’ येत होतं. मला वाटलं, चला, विरघळली. उजवा हात खांद्यावरून मागे केला, तळवा उघडा. क्षणभर काहीच नाही. मग तळव्यात काहीतरी पडलं. मी ते तोंडात टाकलं.

रबर होतं. मागून आवाज आला, अहो, खाऊ नका, तो खराब झालेला वॉशर आहे.

पुढचं सांगायला फार नाही. गाडी कडेला घेतली. मिस्त्री हिच्या सीटवर पाना मांडीवर घेऊन अगदी अंग चोरून बसला होता. सर्दीने त्याचाही घसा बसला होता. तो म्हणाला, तुम्ही थांबत नव्हता, वर रडत होता, म्हटलं वेड्या माणसाला घाटात उगाच डिवचू नये. जावयाने कानातली बोंडं काढून विचारलं, पोचलो का. मुलगी आणि नात दारातून बाहेर आल्या. नातीने सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि विचारलं, आजी कुठाय. इतकी वर्षं मी डोकी मोजली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

परत पंपावर पोचलो तोवर ही तुमच्याकडे येणाऱ्या बसमध्ये बसून गेली होती. चहाच्या टपरीवाल्याने सांगितलं, की गाडी हलली तेव्हा बाई दोन हातांत दोन पेले घेऊन त्याच्यापाशी उभ्या होत्या. एक मिस्त्रीसाठी आणि एक, त्यांच्याच शब्दांत, ‘आमच्या यांच्यासाठी’. घसा बसलेला, हात अडकलेले, हाक मारणार कशी. थोडी धावली म्हणे. मग परत आली, एक चहा स्वतः प्यायली आणि दुसरा टपरीवाल्याला दिला. त्याच्या फोनवरून तिने तुम्हाला फोन लावला, कारण तिला पाठ असलेला नंबर तो एकच. आणि निरोप ठेवला, की भावाकडे जाते, त्यांना सांगा, घाई नाही. दादा, ‘घाई नाही’ हे तिने रागाने म्हटलं की खरंच, हे मी टपरीवाल्याला तीनतीनदा विचारलं. तो म्हणाला, साधंच म्हणाल्या. साधंच म्हटलं असेल तर मग माझं कठीण आहे.

मुलगी, जावई आणि नात तिथूनच आगगाडीने घरी गेली, त्यांची रजा संपत आली होती. जाताना मुलीने माझ्या स्वेटरचं वरचं बटण लावून दिलं. घरगाडी परत करायला अजून अवकाश आहे. मी ती वळवली आणि त्या पाटीपाशी तळ्याकडे घेतली. हे पत्र तळ्याकाठी बसून लिहितो आहे. इंजिन बंद आहे. पाइप आता ठिबकत नाही, मिस्त्रीने काम चोख केलं होतं. मी माझ्यापुरता भात शिजवतो, तो रोज दोघांना पुरेल इतका होतो. बैल गेला आणि झोपा केला, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. थांबायचं कसं हे मला थोडं थोडं जमू लागलं आहे, पण ज्याच्यासाठी थांबायचं होतं ते माणूस मी मागे सोडून आलो.

असो. माझा काही आग्रह नाही हे वर लिहिलंच आहे. वहिनींना सांगा, फोनवर त्यांना खोटं बोलावं लागलं याचं मला वाईट वाटतं. तुमच्या गुडघ्याला शेक द्या, आणि माझा राग जितका धरवेल तितकाच धरा, बाकीचा सोडा, ही विनंती.

तुमचा,
बसवाला मेहुणा

ता. क. एक काम होतं. त्या माफीत मी शेवटी जे म्हणालो, ज्याने माझा आवाज फुटला, ते मला आठवत नाही. खूप प्रयत्न केला. पुन्हा तसं बोलायला गेलो तर नुसतं ‘चुकलं’ एवढंच येतं. मिस्त्रीला मात्र सगळं पाठ आहे. आम्ही परत आलो तेव्हा त्याने ते टपरीवाल्याला हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवलं, मी पाठ करून उभा होतो, लाजेने ऐकलं नाही. (टपरीवाला म्हणाला, बरी आहे.) त्याचा नंबर पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहिला आहे. हिला तेवढा फोन करायला सांगा. ती माफी तिची आहे, चुकून दुसऱ्याकडे गेली. आंघोळीनंतर केला तरी चालेल.

ता. क. २. हे पत्र तुमच्या गावाकडे जाणाऱ्या बसच्या कंडक्टरच्या हाती देतो आहे. तीच बस परत येताना या फाट्यावर थांबते. मी फक्त माहिती दिली.

ता. क. ३. हिला सांगू नका, पण तळं चित्रातल्यासारखं नाही. धक्क्याच्या निम्म्या फळ्या गेल्या आहेत आणि पांढरे पक्षी नाहीत, दोन काळी बदकं आहेत, तीही आपापसांत बोलत नाहीत. इथल्या होडीवाल्याला मी चित्राचं वर्णन करून सांगितलं. तो म्हणाला, ते हे तळंच नव्हे, छापणाऱ्याने खाली चुकीचं नाव टाकलं असणार, तसलं तळं खालच्या रस्त्यावर आहे. दादा, खालच्या रस्त्यावर म्हणजे जो मी लाल पेन्सिलीने आखला होता त्या रस्त्यावर. येताना ते लागलंच असतं. हे वाचून मला निर्दोष समजू नका. मला ते माहीत नव्हतं.

ता. क. ४. आतला आरसा मी वळवून ठेवला आहे. आता त्यात मागच्या खोलीचं दार दिसत नाही, चपला दिसत नाहीत, मागच्या काचेतला रस्ताही दिसत नाही. फक्त माझ्या पाठीमागची सीट दिसते. अशा आरशावर गाडी काढणं नियमात बसत नाही, म्हणून मी इथेच आहे. बिस्किटांचा पुडा त्या सीटवर ठेवला आहे, फोडलेला नाही.